माणसांचा अपव्यापार आणि शाळेचे दप्तर

माणसांची खरेदी-विक्री असे शब्द कानी पडले की खेड्यातील शिक्षकाच्या डोळ्यांपुढे एखाद्या मोठ्या शहरातील बदनाम वस्ती उभी राहते. हे चित्र खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळे पुष्कळ अनर्थ होतो. ती वस्ती शाळेपासून दूर असते. सबब हा विषय पोलिसांचा, फार तर शहरातील समाजसेवकांचा, अशी शिक्षकाची प्रामाणिक समजूत होऊन बसते. वस्तुतः ज्या मुलाला कोणी पैसे मोजून नेले त्याचे नाव पुष्कळदा कोणत्या तरी प्राथमिक शाळेच्या पटावर असते. आणि ते दिसेनासे झाल्याची पहिली लेखी नोंद पोलीस ठाण्यात होण्यापूर्वी शिक्षकाच्या हजेरीपत्रकात होते. ती नोंद खरी असेल तर पुढे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती काही लागते. ती खोटी असेल तर त्या मुलाच्या विरुद्ध पहिला पुरावा शाळेनेच निर्माण केला, असे होते.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना एकाच वाक्यात मनाई केली आहे. हे दोन शब्द शेजारी शेजारी का आले, हे ग्रामीण महाराष्ट्राला निराळे सांगावयास नको. तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या डहाणू-उंबरगाव भागात लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको जमीनदाराच्या शेतावर वर्षानुवर्षे राबत. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली वारली आदिवासींनी या वेठीविरुद्ध उठाव केला. त्याची हकीकत गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेविली आहे. पुढे १९७६ साली वेठबिगार पद्धतीच्या निर्मूलनाचा कायदा झाला. लग्नगडी हा शब्द आता बहुतेक ठिकाणी मागे पडला आहे. ‘उचल’ हा शब्द मात्र मागे पडलेला नाही.

नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यात २०२२ साली उघडकीस आलेला प्रकार प्रत्येक शिक्षकाने समजून घेण्याजोगा आहे. कातकरी समाजातील सुमारे दहा वर्षांच्या एका मुलीला मेंढपाळाकडे कामास ठेवण्यात आले होते. ऑगस्टच्या अखेरीस ती अत्यवस्थ स्थितीत आईवडिलांच्या झोपडीपाशी आणून सोडलेली आढळली, आणि सप्टेंबरच्या आरंभी उपचार चालू असताना तिचा मृत्यू झाला. चौकशी सुरू होताच, शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात मेंढ्या राखण्यासाठी दिलेली आणखी मुले असल्याचे निष्पन्न झाले. मोबदला म्हणून आईबापांच्या हाती थोडी रोख रक्कम आणि एखादी मेंढी पडली होती. श्रमजीवी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण लावून धरले, पोलिसांनी गुन्हे नोंदविले आणि मुले परत आणली गेली.

या मुलांना कोणी तोंडात बोळा कोंबून पळवून नेले नव्हते. आईबापांच्या देखत ती गेली. म्हणूनच गावात कोणाला हा गुन्हा वाटला नाही. ‘पोरगं कामाला दिलंय’ या तीन शब्दांत साऱ्या व्यवहाराची बोळवण होत असे. कायदा मात्र याकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात अपव्यापाराची व्याख्या दिली आहे. शोषणाच्या हेतूने एखाद्या व्यक्तीची भरती करणे, तिला नेणे, आसरा देणे, दुसऱ्याच्या हवाली करणे किंवा स्वीकारणे, आणि हे धाक, बळजबरी, फसवणूक, अधिकाराचा दुरुपयोग अथवा प्रलोभन यांच्या साह्याने करणे, म्हणजे अपव्यापार. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळविण्यासाठी पैसे देणे हेही प्रलोभनातच मोडते. त्या व्यक्तीची स्वतःची संमती होती की नव्हती, याला कायद्याने महत्त्व दिलेले नाही. अपव्यापार एका बालकाचा असेल तर निदान दहा वर्षे सक्तमजुरी आणि जास्तीत जास्त जन्मठेप. एकाहून अधिक बालकांचा असेल तर निदान चौदा वर्षे.

येथे एक विवेक अवश्य ठेवावयास हवा. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले प्रत्येक मूल अपव्यापाराचे बळी ठरत नाही. त्याचे शिक्षण बुडते, त्याच्या वाट्याला हाल येतात, आणि त्यासाठी शिक्षण हमी कार्ड व हंगामी वसतिगृह यांची योजना आहे. परंतु तो प्रश्न निराळा. जे मूल आईबापांना मागे ठेवून परक्या माणसाबरोबर गेले, ज्याच्या बदल्यात कोणी पैसे घेतले, जे कोठे राहते हे घरच्यांना नक्की सांगता येत नाही आणि जे परत केव्हा येणार हे नेणाऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याच्याविषयी शिक्षकाच्या मनात घंटा वाजली पाहिजे. पूर्ण टोळी गेली असता मुकादम कोणालाही तळ सोडू देत नसेल, तर तोही १९७६ च्या कायद्याचा विषय होतो. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे हीदेखील संविधानाने मना केलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणी दिला होता.

समजा, चौथीतील एक मुलगी दहा दिवस शाळेत आली नाही. शिक्षक तिच्या घरी जातात. दारात आजी बसलेली आहे.

“आजी, नात दिसत नाही ती?”

“मामाकडं गेलीया, गुरुजी.”

“कोणत्या मामाकडं? धाकट्या का थोरल्या?”

“सख्खा न्हाई वो. मुकादमाचा मेव्हणा हाय, त्याला समदी मामाच म्हनत्यात. बाळ सांभाळाय न्हेली. पाच हजार दिलं त्यानं. शिमग्याला आणून सोडतो म्हनला.”

या चार वाक्यांत तपासाला लागणारे जवळजवळ सर्व काही आले आहे: नेणारा कोण, कोणाच्या ओळखीने, कोणत्या कामासाठी, किती पैशांवर, किती मुदतीने. शिक्षकाने येथे आजीला फैलावर घेतले, ‘नात विकलीत की काय?’ असे विचारले, तर दुसऱ्या दिवसापासून त्या घराचे दार त्याला बंद होईल आणि नेणाऱ्याच्या कानी खबर जाईल. त्याने शांतपणे ऐकून घ्यावे, नेणाऱ्याचे गाव विचारावे, आणि शाळेत परत येताच तारीख, वेळ व आजीचेच शब्द जसेच्या तसे वहीत उतरून ठेवावे. ‘मुलगी नातेवाइकांकडे गेली’ अशी गुळगुळीत नोंद करू नये. तिने ‘मामा’ म्हटले असेल तर मामा आणि ‘मुकादमाचा मेव्हणा’ म्हटले असेल तर तेही लिहावे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगून १०९८ या बालमदत क्रमांकावर, नाही तर ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार पालकांपासून दुरावलेले मूल आढळल्यास चोवीस तासांच्या आत कळविणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक केले आहे. न कळविणारा शिक्षक स्वतः शिक्षेस पात्र ठरतो आणि सद्‌भावनेने कळविणाऱ्यास संरक्षण मिळते.

‘आमच्या हद्दीतले नाही’ हे उत्तर मिळाले तर डगमगण्याचे कारण नाही. हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात नोंदविता येते, अशी तरतूद २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्टपणे केलेली आहे. हरवलेल्या बालकाची तक्रार आली की अपहरण अथवा अपव्यापार झाला असावा असे प्रथम गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी सांगितले आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास जिल्ह्याच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो. अडचण अशी की, पालकांनी तक्रारच दिली नाही तर हे चक्र फिरतच नाही. उचल घेतलेला बाप तक्रार देण्यास का कचरतो, हे समजणे अवघड नाही. म्हणून शिक्षकाच्या खबरीला एवढे मोल आहे.

आता दप्तराकडे वळू. या विषयाचा सर्वांत उपेक्षित आणि शिक्षकाच्या सर्वस्वी हातातला भाग तोच आहे.

अपव्यापाराच्या खटल्यात सर्वांत अगोदर विचारला जाणारा प्रश्न वयाचा असतो. बळी पडलेली व्यक्ती अठरा वर्षांखालील होती असे सिद्ध झाले तर कलमे बदलतात, शिक्षा बदलते, बालकल्याण समितीचे संरक्षण मिळते. आरोपीचा वकील म्हणूनच प्रथम वयावर घाव घालतो. बाल न्याय कायद्याच्या ९४ व्या कलमाने वय ठरविण्याचा क्रम घालून दिला आहे: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायत यांचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. वैद्यकीय तपासणीत वय अंदाजानेच निघते, आणि त्या अंदाजाच्या फटीतून आरोपी निसटू शकतो. शाळेच्या कागदाला कायद्याने पहिल्या पंक्तीत बसविले, ही त्या कागदावर टाकलेली मोठी जबाबदारी होय.

आणि आपला हा कागद कसा असतो? जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितलेच आहे. अशा वेळी जुन्या काळी गुरुजी अंदाजाने तारीख घालीत, आणि ती हटकून १ जून असे. महाराष्ट्रात गावेच्या गावे १ जून रोजी जन्मली आहेत! शाळेच्या सोयीपुरती ही गोष्ट हसण्यावारी नेता येई. न्यायालयात ती हसण्यावारी जात नाही. जन्मतारीख कोणत्या आधारावर लिहिली हे दाखविता आले नाही तर शाळेच्या रजिस्टरातील नोंदीला फारसे मोल उरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली बिरदमल सिंघवी यांच्या निवडणूक-प्रकरणात म्हटले. २०२३ साली तमिळनाडूतील एका पोक्सो प्रकरणात तर, शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश रजिस्टराचा उतारा हा कलम ९४ ला अभिप्रेत असलेला जन्मतारखेचा दाखला होत नाही, असा निर्वाळा त्या न्यायालयाने दिला.

यावर उपाय अवघड नाही. त्याला चिकाटी मात्र हवी. जनरल रजिस्टरात जन्मतारीख लिहिताना शेऱ्याच्या रकान्यात तिचा आधार लिहावा. ग्रामपंचायतीची जन्मनोंद, दवाखान्याची अथवा आरोग्यसेविकेची नोंद, अंगणवाडीची नोंद, यांपैकी काहीच नसेल तर पालकाचे लेखी निवेदन, आणि तो कागद फाईलीत लावून त्याचा क्रमांक. नोंद करणाऱ्याची सही वाचता येईल अशी असावी व खाली नाव लिहावे, म्हणजे बारा वर्षांनी समन्स कोणाच्या नावे काढावयाचे हे तरी समजेल. चुकलेला अंक खरवडू नये, त्यावर पांढरा रंग लावू नये. एक रेघ ओढून शेजारी दुरुस्ती करावी आणि सही करावी. भटक्या व आदिवासी कुटुंबांतील मुलांच्या बाबतीत हे कष्ट दुप्पट घ्यावे लागतात, आणि नेमकी त्याच मुलांना या कागदाची गरज अधिक पडते.

हजेरीपत्रकाची गोष्ट याहून नाजूक आहे. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद कमी होते, हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून महिनोन्‌महिने न येणाऱ्या मुलाच्या नावापुढे अधूनमधून उपस्थितीची खूण करण्याचा मोह होतो. या मोहाचे मूळ व्यवस्थेत आहे, आणि ते दूर करण्याची जबाबदारी वरच्या अधिकाऱ्यांची आहे, यात संशय नाही. परंतु त्याचा परिणाम काय होतो तोही पाहावयास हवा. ज्या तारखेला ते मूल दोनशे किलोमीटरवर कोणाच्या गोठ्यात शेण काढीत होते, त्या तारखेला ते शाळेत बसून गणित सोडवीत होते, असे शासकीय कागद सांगू लागतो. तो कागद आरोपीचा वकील न्यायालयात उंच धरून दाखवितो. मुलाचा जबाब खोटा पाडावयास त्याला आणखी काही लागत नाही. एका खोट्या खुणेने एवढे होते.

उलट टोकाची चूकही घडते. दीर्घकाळ गैरहजर म्हणून नाव पटावरून गुपचूप कमी केले जाते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, ही कायद्याची बाजू झाली. व्यवहाराची बाजू अशी की, नाव कमी झाले म्हणजे ते मूल नाहीसे झाल्याचे शेवटचे चिन्हही पुसले जाते. नाव कमी करण्यापूर्वी ते कोठे गेले, हे कोणी कोणास विचारले आणि काय उत्तर मिळाले, एवढ्या तीन गोष्टी लेखी असल्याच पाहिजेत.

तपास अधिकारी शाळेत येतो तेव्हा बहुधा तो घाईत असतो, कधी साध्या वेषात असतो, आणि हाताशी त्याच्या फार माणसे नसतात. या कामात दोन राज्यांतून, चार ठाण्यांतून फिरावे लागते. मुलाची बोली वेगळी असते. ज्या कुटुंबासाठी हे चालले आहे तेच पुष्कळदा तोंड उघडत नाही. अशा माणसाला शाळेने ‘दाखला उद्या न्या’ म्हणून परत लावू नये. मुख्याध्यापकांनी त्याचे लेखी पत्र घ्यावे, नोंदीची साक्षांकित प्रत त्याच दिवशी द्यावी, मूळ रजिस्टर नेले तर पोच घ्यावी. मुलाचे अलीकडचे छायाचित्र, त्याच्या वहीतील हस्ताक्षर, कोणत्या पाड्यातील कोणती कुटुंबे कोणत्या मुकादमाबरोबर जातात याची माहिती, ही सर्व मदत शिक्षकाइतकी नेमकी दुसरे कोणी क्वचितच देऊ शकते. कातकरी, भिल्ल वा पारधी मुलांची बोली जाणणारा शिक्षक असेल तर त्याने ते आपण होऊन सांगावे.

पंच म्हणून बोलावणे आले की पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतात. न्यायालयाचे खेटे कोणास हवे असतात? तथापि पंचनाम्यावर गावातील दबावाखाली येणाऱ्या माणसाची सही असेल तर तो पुढे फितूर होण्याचा संभव असतो, म्हणूनच शासकीय सेवकाला बोलाविले जाते. वाचल्याखेरीज सही करू नये. जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले असे लिहू देऊ नये. बदली झाली तरी समन्स मागे येते, आणि त्या दिवशी न्यायालयातील उपस्थिती हे कर्तव्यच असते. साक्ष देताना जे आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असे सांगावे. मुलाच्या कणवेपोटी दोन वाक्ये जास्त बोलणारा साक्षीदार उलटतपासणीत मुलाचेच नुकसान करतो.

जबाबाविषयी काही गोष्टी शिक्षकाला ठाऊक असाव्या. पंधरा वर्षांखालील मुलास आणि कोणत्याही स्त्रीस जबाबासाठी पोलीस ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. अधिकाऱ्यानेच त्यांच्या राहत्या ठिकाणी जावयाचे असते. पोक्सोच्या प्रकरणात जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेष न घालता, मुलाच्या विश्वासातील व्यक्तीच्या समक्ष घ्यावयाचा असतो आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. पुष्कळदा ती विश्वासातील व्यक्ती म्हणजे शाळेतील बाई असतात. त्यांनी शेजारी बसावे, हात धरावा, पाणी द्यावे. उत्तरे मात्र पुरवू नयेत.

परत आलेले मूल बहुधा अधिकाऱ्याला सांगण्यापूर्वी वर्गशिक्षकालाच काही सांगून टाकते, आणि तेही भलत्याच वेळी: मधल्या सुटीत, झाडलोट करताना. ‘बाई, मला तिथं गोठ्यातच निजवायचे.’ अशा वेळी बाईंनी ‘बरं झालं बाळ, मला सांगितलंस. यात तुझी काही चूक नाही,’ एवढेच म्हणावे. ‘मग पळून का नाही आलास?’ हा प्रश्न कधीही विचारू नये. ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचनही देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. ज्यांनी तुला मदत करायची आहे त्यांनाच सांगेन, असे सांगावे. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. यात मुलाचे मन दुखावते एवढेच नाही. अनेकांनी अनेकदा विचारलेल्या मुलाच्या सांगण्यात विचारणाऱ्यांचे शब्द मिसळू लागतात आणि न्यायालयात ‘हे याला शिकविले आहे’ असा आक्षेप येतो. ऐकलेले शब्द त्याच दिवशी लिहून, पाकिटात घालून, तपास अधिकाऱ्याकडे किंवा बालकल्याण समितीकडे द्यावे.

वर्गात अशा मुलाचे वागणे चमत्कारिक भासते. कोणी मोठ्याने बोलले की ते दचकते. मध्येच झोपी जाते. पोषण आहारातील भात खिशात भरून ठेवते. जे मूल पूर्वी हसतमुख होते ते एकाएकी मारामारी करू लागते. याला खोडी समजून शिक्षा करणाऱ्या शिक्षकाने ज्याच्याकडून ते सुटून आले त्याचीच आठवण करून दिली, असे होईल. दाराजवळ बसावयाचे की भिंतीशी, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. पहिल्या महिन्यात अभ्यास किती झाला याची चिंता न करता रोज येणे जमले तरी पुरे मानावे. वयाप्रमाणे योग्य त्या वर्गात बसविणे आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण देणे, हा त्याचा हक्क आहे. अकरा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवून त्याची फजिती करू नये.

सत्कार तर मुळीच करू नये. सुटका झालेल्या मुलाला हार घालून, पाहुण्यांशेजारी उभे करून छायाचित्र काढण्याची आणि ते मोबाइलवरील गावच्या गटात पाठविण्याची हौस अलीकडे वाढली आहे. बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने अशा बालकाचे नाव, पत्ता, छायाचित्र, इतकेच काय शाळेचे नावही प्रसिद्ध करण्यास बंदी केली आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गावात नाव फुटले की मुलीच्या लग्नाची चर्चा सुरू होते, बापावर तडजोडीचे दडपण येते आणि खटला तेथेच खिळखिळा होतो.

घरच्यांना आणखी एक भीती असते: मूल तर परत आले, आता घेतलेली उचल कोठून फेडावी? येथे शिक्षकाच्या दोन वाक्यांनी मोठे काम होते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे दायित्वच संपुष्टात आणले आहे, आणि कर्ज त्या प्रकारचे नव्हते हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला आहे. उपविभागीय किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मुक्ततेचे प्रमाणपत्र मिळाले की २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेखाली, तीत पुढे झालेल्या सुधारणांनुसार, तीस हजार रुपयांपर्यंत तातडीचे साह्य, स्त्रिया व मुले यांना दोन लाख रुपये आणि अपव्यापारासारख्या अतिशय गंभीर प्रकरणी तीन लाख रुपये देय होतात. हे प्रमाणपत्र मागण्याचे ठाऊक नसल्याने कुटुंब पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात जाते. अर्ज लिहून देणे हे काही शिक्षकाला अवघड नाही.

शंका घेण्यात जसा हलगर्जीपणा नको तसा उतावीळपणाही नको. ३० मे २०२३ रोजी बिहारहून पुणे व सांगलीकडे मदरशांत शिकण्यासाठी निघालेली ५९ मुले भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर रेल्वेतून उतरवून घेण्यात आली. बरोबरच्या पाच जणांवर अपव्यापाराचा गुन्हा दाखल झाला व त्यांना सुमारे महिनाभर कोठडीत राहावे लागले. चौकशीअंती अपव्यापार नसल्याचे आढळून मार्च २०२४ मध्ये ती प्रकरणे बंद करण्यात आली. मुलांना मात्र घरापासून दूर बालगृहात काही दिवस काढावे लागले होते. शिक्षकाने म्हणून खबर देताना पाहिलेले ‘पाहिले’ असे, ऐकलेले ‘ऐकले’ असे लिहावे; नेणाऱ्याची जात, धर्म वा प्रांत यांवरून निष्कर्ष काढू नये. गुन्हा आहे की नाही हे ठरविणे तपास अधिकाऱ्याचे व न्यायालयाचे काम आहे.

केंद्राच्या येत्या मासिक शिक्षण परिषदेत या विषयासाठी एक तास राखून ठेवावा. प्रत्येक मुख्याध्यापकाने गेल्या वर्षीचे हजेरीपत्रक व जनरल रजिस्टर बरोबर आणावे. दिवाळी ते गुढीपाडवा या काळात सलग पंधरा दिवसांहून अधिक गैरहजर असलेल्या प्रत्येक नावासमोर ते मूल कोणाबरोबर, कोठे गेले होते आणि आज कोठे आहे, हे पेन्सिलीने लिहावे. ज्या नावांसमोर काही लिहिता येणार नाही त्यांची यादी केंद्रप्रमुखांनी त्याच दिवशी वेगळी करावी, ती कोणत्याही गटावर न पाठविता जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे बंद पाकिटातून द्यावी आणि पोचेची प्रत शाळेच्या पदभार यादीत लावावी, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी ती हरवणार नाही.